ताशी दीड मैल

"एवढी वयस्कर बाई, आणि या बोटीतून एकटी जायची. मुलानं तरी कसं जाऊ दिलं?"

तुमच्या गराजमध्ये दोन काका घडीच्या खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवत होते. वर बुद्धवंदना होऊन गेली होती, जेवणंही उरकत आली होती. बोलता बोलता एका काकांनी बोटीच्या ॲल्युमिनियमवर नखानं टकटक केलं, दुकानात भांडं घेताना करतात तसं.

"मुलगा टेक्सासला, प्लेनोला. तो तिथून काय थांबवणार यार?"

"तरी. एक माणूस सोबत पाहिजे होतं. पाण्याचं काय सांगता येतं?"

मी त्यांच्या मागे चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पहिल्या काकांनी कप उचलला आणि "थँक यू बेटा" म्हणाले.

मावशी, सोबत असलेलं माणूस त्यांना चहा देत होतं.

खरं तर तुम्ही पाण्यावर गेलाच नाहीत. बुधवारी सकाळी लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून, किल्ली काढून, तुम्ही तिथेच बसून राहिलात, कायमच्या. बोटीचा त्यात काही संबंध नव्हता. पण लोकांना बोलायला काहीतरी लागतं, आणि गराजमध्ये बोट उभी होती. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच. एकटी राहायची, एकटी मासे मारायची, एकटीच गेली. प्लेनोहून आलेला अनिकेतदादा ते सगळं सोफ्याच्या कडेला बसून ऐकत होता, मान हलवत होता. रविवारी दुपारच्या फ्लाइटनं तो परत जाणार होता. त्याआधी मला त्याला एवढंच सांगायचं होतं, की तुम्ही एकट्या नव्हतात, तीन उन्हाळे दर शनिवारी मी होते. एक वाक्य. ते मला चार दिवस जमलं नव्हतं.

आता तीन आठवडे झाले. मी झोपते, ऑफिसला जाते, ईमेलना उत्तरं देते. रडू येत नाही. दिवसभर बोटीवर राहून घरी आल्यावर पायाखालची जमीन हलत राहायची ना, तसं काहीसं सतत चालू असतं. बसून राहावंसं वाटतं.

सुरुवात तुम्हीच केली होती. तुमच्या बेसमेंटमध्ये राहायला येऊन मला महिनाही झाला नसेल. तुम्ही जिन्यावरून हाक मारलीत, "केतकी, तुला गाडी चालवता येते न?"

"हो."

"मग बोट काऊन नाही येणार? शनिवारी पाचला तयार राहा. गरम जॅकेट घे, तुझं ते फॅशनवालं नको."

मी 'विचार करते' म्हणणार होते. नाही म्हणायचं असलं की मी तेच म्हणते. पण तुम्ही उत्तरासाठी थांबलाच नव्हतात.

तुमच्या बॉथेलच्या घरापासून अनाकोर्टिसचा समुद्रावरचा धक्का सव्वा तासावर. त्या सव्वा तासात तुम्ही मला काही विचारलं नाहीत. वय, लग्न, ग्रीन कार्ड, पुण्यात कुठे, काहीच नाही. इथल्या मराठी घरात पहिल्यांदा गेल्यावर या प्रश्नांची मला इतकी सवय झाली होती, की तुमची शांतता मला आधी राग वाटली. पुढे कळलं, तुम्ही मनातल्या मनात भरतीचं वेळापत्रक लावत होतात.

तुम्हाला गरज हातांची होती. एक माणूस मागे गळ सांभाळणार, एक पुढे बोट सांभाळणार. सॉकाय माशाच्या मागे जायचं तर एकट्याचं काम नाही, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी सांगितलंत. म्हणून तर लोकांचं ते 'एकटी' मला जास्त लागलं. ज्याला हा मासा माहीत आहे त्याला ते ऐकताक्षणी खोटं वाटलं असतं.

"हळू," तुम्ही मागून म्हणालात. "अजून हळू. ऑफिसला नाही चाललो आपण."

"याहून हळू केलं तर थांबेल मावशी."

"नाही थांबत. ताशी दीड मैल. लहान लेकरू चालायला शिकते न, त्याच्या मागं मागं आई चालते. तेवढंच."

मी पुण्यात स्कूटरवर वाढलेली मुलगी. इथे आल्यावर हायवेवर डाव्या लेनमधून जाणारी. बोटीच्या पडद्यावरचा वेगाचा आकडा दीडवर धरून ठेवणं हे मी आयुष्यात केलेलं सगळ्यात कठीण ड्रायव्हिंग होतं. वारा आला की दोन व्हायचा, प्रवाह आडवा आला की एकच्या खाली. तुम्ही पाठ करून बसलेल्या असायच्यात, तरी तुम्हाला कळायचं. गळाच्या काठीच्या टोकाची थरथर बदलते, म्हणायच्यात.

दुसऱ्या जातींचे सामन मासे शिकार करतात. त्यांना पळणारा छोटा मासा दाखवायचा, त्यांनी झडप घालायची. सॉकाय तसा नाही. तो समुद्रात तोंड उघडं ठेवून जवळ्यासारखी बारीक कोळंबी गाळत फिरतो. त्याला झडप येतच नाही. त्यामुळे त्याच्यासमोर मोठं आमिष नाचवून उपयोग नसतो. तुमच्या डब्यात बोटाच्या पेराएवढी गुलाबी रबरी झालर होती, आणि तिच्यात लपलेले दोन लाल गळ. पहिल्यांदा ती माझ्या तळहातावर ठेवून तुम्ही म्हणालात, "पाहा, सुकटच आहे. आमच्या नागपूरच्या बाजारात ढीग राहायचे."

मी सुकट कधी पाहिली नव्हती. मी मान हलवली.

"तुला काय माहीत म्हणा," तुम्ही हसलात.

कधी तर तीही झालर नको. नुसते दोन लाल गळ, उघडे, काही न लावलेले. मला ते पटेना. "मावशी, उपाशी मासासुद्धा इतका मूर्ख नसेल." पण त्या दिवशी पहिला मासा उघड्या गळालाच आला. तुम्ही फक्त माझ्याकडे बघून भुवया उडवल्यात.

गळाच्या पुढे हातभर लांबीचा चमकता पत्रा. तो पाण्यात डोलतो, उजेड फेकतो, आणि लांबून थव्यात काहीतरी चाललंय असं माशाला वाटतं. पत्रा आणि गळ यांच्यामधली दोरी दोन विती, त्याहून जास्त नाही. लांब ठेवली तर पत्र्याचा हिसका गळापर्यंत पोचत नाही आणि गळ मेल्यासारखा लोंबतो. तुम्ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तीस वर्षं काढलेल्या. प्रत्येक दोरी मोजून, गुंडाळून, त्यावर चिकटपट्टी लावून लांबी आणि तारीख लिहायच्यात, रक्ताच्या नमुन्यावर लिहितात तशी. बोटीच्या कडेला रहाटासारखं एक यंत्र, त्याच्या तारेला शिशाचा जड गोळा. तारेला चिमट्यानं पकडलेली दोरी गोळ्याबरोबर साठ फूट खाली जायची. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटायची. त्या तारेवर तुम्ही आणखी दोन नुसते पत्रे बांधायच्यात, गळ नसलेले.

"हे कशाला?"

"गर्दी वाटायला पाहिजे. सॉकाय एकटा कुठं जात नाही. आपल्या मराठी मंडळासारखा आहे, चार जण येऊन राहिले का, पार्किंग आहे का, ते पाहून मग येते."

तुमच्या अशा वाक्यांवर मी हसायचे नाही, समोर बघत राहायचे. तुम्हाला वाटायचं मला विनोद कळत नाही. कळायचे मावशी. मी ते मैत्रिणीला नंतर मेसेज करायचे, तुमचं नाव न घालता.

दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही माझ्या हातात काठी दिलीत. मी म्हणाले, मी फक्त बोट चालवते. तुम्ही म्हणालात, मासेमारीचं लायसन्स काढलं न, मग? ते लायसन्स मी तुम्ही काढायला लावलंत म्हणून काढलं होतं, मासे मारायला नाही. आमच्या घरी चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. अंड्याचा केक आजी मेल्यावर पहिल्यांदा आला आणि आईनं तो वेगळ्या ताटलीत दिला. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, पण माझ्या डब्यांवरून तुम्हाला कळलं असणार.

काठीचं टोक दोनदा हललं. फार नाही, कोणी बाहीला हात लावून बोलावतं तेवढंच. मी जोरात मागे ओढली, सगळ्यांनी सिनेमात पाहिलेलं असतं तसं. दोरी सैल झाली.

"गेला," तुम्ही म्हणालात.

"सॉरी."

"सॉरी मला काऊन म्हणते? त्याचं तोंड नाजूक राहते. कागदासारखं. तू ओढलं, ते फाटलं. हिसका द्यायचा नाही. त्याला कळू पण द्यायचं नाही की पलीकडे कोणी आहे. फक्त फिरवत राहायचं, एकसारखं."

तिसरा मासा मी आणला. पाणी हिरवं होतं, आणि त्यातून आधी एक चांदीचा तुकडा वर आला, मग अख्खा मासा. तुम्ही जाळं पाण्यात धरून ठेवलं होतं, त्याच्याकडे नेलं नाही. त्यालाच जाळ्यात येऊ दिलंत, डोक्याकडून. लगेच पाठ तपासलीत. ठिपके असते तर तो दुसरा सामन, मग बोटीत न घेता तसाच सोडावा लागला असता. ठिपके नव्हते. मोठा डोळा, निळी पाठ. तुम्ही लाकडी दांडका माझ्याकडे दिलात.

तो भाग मी लिहिणार नाही. एक फटका, मग कल्ल्याशी सुरी, मग बर्फ, आणि या सगळ्याला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लावायचा नाही, एवढं तुम्ही शिकवलंत. घरी येऊन मी चार वेळा हात धुतले. सिंकपाशी उभ्या राहून तुम्ही बघत होतात.

"तुम्ही रविवारी पंचशील म्हणता," मी म्हणाले. माझ्या आवाजात मला अपेक्षित नव्हता एवढा कडवटपणा होता. "पहिलंच शील प्राण्याला न मारण्याचं आहे ना?"

"आहे न."

"मग?"

"मग काय. रविवारी म्हणते, शनिवारी मारते. त्याचा हिशोब मी देईन, तू कशाला टेन्शन घेते?" तुम्ही टॉवेल पुढे केलात. "तू सांग. तू खात नाही, ते दया येते म्हणून, की घरी शिकवलं म्हणून?"

"दोन्ही."

"दोन्ही कधीच नसते पोरी. नीट पाहिलं तर एकच राहते."

हे भांडण आपण शेवटपर्यंत चालवलं. कधी गाडीत, कधी माशाचं पोट उघडताना. मी म्हणायचे, खायचं नाही तर मी मारते कशाला, हा माझ्याच बाजूचा प्रश्न मला सुटत नाही. तुम्ही म्हणायच्यात, तू खात नाही म्हणूनच तुझा हात घाई करत नाही. माझ्या डोक्यात फ्राय पॅन राहते, तुझ्या डोक्यात काही नाही, म्हणून तुला जास्त लागतात. खरंच मला जास्त लागायचे. ते कबूल करायला मला कसंतरी व्हायचं. आता त्या भांडणाचं काय करायचं ते कळत नाही. माझी बाजू मी अजून मांडून संपवलेली नाही.

आणि आता ते, जे मी तुम्हाला कधी म्हणाले नाही.

पहिल्या उन्हाळ्याच्या शेवटी तुम्ही मंडळाच्या पॉटलकला, प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, सॉकाय नेणार होतात. आदल्या दिवशी मी म्हणाले, "मावशी, मी येते तुमच्याबरोबर, ते प्लीज कोणाला सांगू नका. तिथल्या एका काकूंची बहीण पुण्यात आमच्या सोसायटीत राहते. आईला कळेल."

"मग काय सांगू? बोट कोण चालवते?"

"एकट्या जाता म्हणा."

"बरं," म्हणालात.

पॉटलकमध्ये सगळे तुमच्याभोवती. मी कोपऱ्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन बसले होते. एक काका बोटं चाटत म्हणाले, "मावशी, एकट्या कशा काय पकडता हो? कमाल आहे. मला तर आमची ही एकटं कॉस्कोत किराणा आणायलासुद्धा सोडत नाही."

"पकडते बा कशी तरी," तुम्ही म्हणालात.

मग ते माझ्याकडे वळले. "तू खात नाहीस ना? काय मिस करतेस तुला माहीत नाही."

त्यांच्या ताटलीतला मासा लागला तेव्हा बोट माझ्या हातात होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाहीत. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं, आपल्या दोघींचं गुपित. गुपित माझं होतं आणि ओझं तुम्ही वाहत होतात, हे समजायला मला दोन वर्षं लागली.

अनिकेतदादाचे फोन दर शनिवारी यायचे. तुम्ही स्पीकरवर ठेवायच्यात, कारण हात ओले असायचे. शेवटचा फोन माझ्यासमोर झाला. तो ओरडत नव्हता, तेच जास्त वाईट होतं.

"आई, यू आर सेव्हंटी-टू. तू पडलीस तर कोण आहे तिथे? मला फक्त नाव सांग. वन नेम."

तुमच्यापासून मी तीन फुटांवर, सुकाणूवर हात ठेवून बसले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी पडद्याकडे पाहिलं.

"मी एकटीच आहे," तुम्ही म्हणालात. "काय होते मला?"

"फाइन. मग मी काय करू? मी या वर्षी येत नाही. मला हे बघवत नाही." त्यानं फोन ठेवला.

मग तुम्ही मला विचारलंत, अगदी साध्या आवाजात, "केतकी, तू आईपासून मासे लपवून राहिली, की मला?"

हे तुम्ही विचारणार हे मला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. तेव्हा आईनं फोनवर विचारलं होतं, घरमालकीण मराठी आहे ना, नाव काय? मी म्हणाले, प्रमिला मावशी. आडनाव? आई आडनाव नेहमी दुसऱ्या वाक्यात विचारते, सहज, हवापाण्यासारखं. तुमचं आडनाव बाहेर टपालाच्या पेटीवर मोठ्या अक्षरांत होतं. रोज येता-जाता मी ते वाचत होते, आणि नागपूरचं ते आडनाव ऐकल्यावर आई फोनवर किती सेकंद गप्प होईल तेही मला माहीत होतं. त्यानंतर ती वाईट काही म्हणाली नसती. फक्त 'दुसरी जागा बघतेस का' असं चार दिवसांनी, वेगळ्याच विषयात विचारलं असतं. मी म्हणाले, "माहीत नाही गं. इथे सगळे फर्स्ट नेमनंच बोलतात."

मी हे बोलत असताना बेसमेंटमधल्या ड्रायरपाशी तुम्ही कपड्यांच्या घड्या करत होतात. तुम्ही उरलेल्या घड्या केल्यात, बास्केट उचललीत आणि वर गेलात. त्या संध्याकाळी मला वर जेवायला बोलावलंत. भाजी केली होती, भरल्या वांग्यांची. त्यानंतर रोजच बोलावलंत.

म्हणून बोटीवर तुम्ही विचारलंत तेव्हा तो प्रश्न तीन वर्षं जुना होता. मी म्हणाले, "मावशी, स्पीड दोनवर गेलाय."

"कर मग कमी," तुम्ही म्हणालात, आणि दोरीकडे वळलात.

त्या दिवशी आपल्याला चार मासे लागले. तुम्ही दोघींच्या काठ्या माझ्याकडेच दिल्यात आणि सुकाणूपाशी बर्फाच्या पेटीवर बसून राहिलात. मला वाटलं तुम्ही रागावलात. आता वाटतं तुम्ही दमला होतात. कदाचित दोन्ही. दोन्ही कधी नसतं असं तुम्ही म्हणाला असतात.

त्यानंतर अकराव्या दिवशी ते लायब्ररीचं पार्किंग.

दादाची फ्लाइट होती त्या रविवारी सकाळी मी गराजमध्ये गेले. अनिकेतदादा फरशीवर मांडी घालून बसला होता. समोर तुमचा सामानाचा डबा उघडा होता. बोट कोणीतरी न्यायला येणार होतं, आणि तो सगळ्या दोऱ्या एकत्र करून एका कचऱ्याच्या पिशवीत टाकत होता. गुंडाळ्या सुटून एकमेकींत अडकल्या होत्या, चिकटपट्ट्या निघाल्या होत्या.

"तशा नको टाकूस," मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं. डोळे सुजले होते.

"त्या लांबीप्रमाणे आहेत. दोन विती सॉकायसाठी. लांब दोऱ्या बाकीच्या सामनसाठी. त्या मिसळल्या की गळ नुसता लोंबतो." मी खाली बसले आणि एक दोरी सोडवायला घेतली. "आणि या लाल गळांना काही लावायचं नसतं. ते असेच वापरायचे."

तो माझ्या हातांकडे बघत होता. दोरी बोटांवर आठाच्या आकारात गुंडाळायची तुमची पद्धत होती. माझे हात ते आपोआप करत होते.

"तुला हे कसं माहीत?"

मी गुंडाळी पूर्ण केली. मग म्हणाले, "बोट मी चालवायचे. तीन उन्हाळे. त्या एकदाही एकट्या गेल्या नाहीत दादा. मीच सांगितलं होतं तसं सांगा म्हणून. त्या दिवशी तू फोनवर नाव विचारलंस, तेव्हा मी तिथेच होते."

गराजचं दार अर्धं उघडं होतं आणि समोरच्या घरी कोणीतरी पानं उडवायचं मशीन चालू केलं होतं. मला वाटलं दादा उठून जाईल. त्याला तो हक्क होता. माझ्यामुळे त्याचं तुमच्याशी शेवटचं बोलणं भांडणात गेलं होतं.

"व्हाय?" त्यानं विचारलं. रागानं नाही. त्याला खरंच कळत नव्हतं. "मासे पकडले तर काय झालं? कोणाला सांगायचं नव्हतं?"

"आईला."

"व्हेजिटेरियन म्हणून?"

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. त्यानं ते मानलं असतं, कदाचित हसलाही असता. मी तोंड उघडलं आणि माझा फोन वाजला. रविवारचा आईचा व्हिडिओ कॉल, पुण्यात रात्रीची भांडी आवरून झाल्यावरचा. एरवी मी तो कट करून 'नंतर करते' लिहिते. मी हिरवं बटण दाबलं. माझ्या हातात अजून तुमची दोरी होती.

"कुठेयस गं? मागे हे काय आहे, होडी?"

"बोट आहे. प्रमिला मावशींची."

"अगं हो, फार वाईट झालं. आणि हे कोण?"

"त्यांचा मुलगा. अनिकेतदादा."

आईनं पदर सारखा केला, नमस्कार केला, चांगलं बोलली. आईला चांगलं बोलता येतं. दादानं हात जोडले. मग ती मला म्हणाली, सहज, हवापाण्यासारखं, "त्यांचं आडनाव काय गं? तुला माहीत नाही म्हणाली होतीस ना."

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं हे मला त्याच्याकडे न बघताच कळलं.

"रामटेके," मी म्हणाले. "प्रमिला रामटेके. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आई, मी तुला खोटं सांगितलं. तीन वर्षं मी त्यांच्या टेबलावर जेवले आणि त्यांच्या बोटीवर मासे मारले. तुला काही विचारायचं असेल तर आत्ता विचार. दादा इथेच आहे."